पडद्यापलीकडचे पाणी : प्रयोगशाळेतले आणि रुग्णालयातले डायलिसिस

डायलिसिस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते रुग्णालयातले यंत्र, हातात टोचलेल्या दोन सुया आणि रक्ताने भरलेल्या नळ्या. हीच क्रिया जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्येही रोज चालते, आणि तिथे ती एका साध्या काचेच्या भांड्यात, शीतपेटीत, रात्रभर कोणीही जवळ नसताना पार पडते. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक साहजिकच यंत्राकडे पाहतात, यंत्र नवे की जुने, कोणत्या कंपनीचे, असे विचारतात. पण रक्तातून काय बाहेर जाईल, किती जाईल आणि उलट दिशेने रक्तात काय येईल, हे मुख्यतः ठरते रक्ताला लागून असलेल्या सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याच्या पलीकडे कोणता द्रव ठेवला आहे यावरून. ही गोष्ट नीट समजली, तर पथ्य, वेळ, वजन आणि औषधे यांबद्दलच्या सूचनांमागचे कारण आपोआप उलगडते.

पाण्यात विरघळलेले कण कधीच स्थिर नसतात. ते सर्व दिशांनी भरकटत असतात, आणि त्यामुळे जिथे त्यांची दाटी जास्त असते तिथून ते जिथे दाटी कमी आहे तिकडे एकूणात सरकत जातात. मध्ये सूक्ष्म छिद्रांचा पडदा उभा केला, तर छिद्रातून मावणारे कण पलीकडे जातात आणि न मावणारे अलीकडेच राहतात. कणांच्या आकाराचा अंदाज त्यांच्या रेणुभारावरून येतो, आणि तो डाल्टन या एककात मोजतात. मूत्रपिंडे एरवी लघवीतून बाहेर टाकतात त्या टाकाऊ पदार्थांपैकी युरियाचा रेणू 60 डाल्टनचा, क्रिएटिनीनचा 113 चा आणि ग्लुकोजचा 180 चा असतो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र सुमारे 66,500 डाल्टनचे असते. या प्रचंड तफावतीवरच सारा कारभार चालतो. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी 1861 मध्ये ही पद्धत पद्धतशीरपणे मांडली आणि तिला डायलिसिस हे नाव दिले. त्यांनी वनस्पतिजन्य चर्मपत्राचा पडदा वापरून लघवीतला युरिया वेगळा करून दाखवला होता. मूत्रपिंडाच्या रुग्णांचा विचार तेव्हा त्यांच्यासमोर नव्हता. त्यांना मिश्रणातले पदार्थ वेगळे करायचे होते.

आजही प्रयोगशाळेत हेतू तोच असतो. समजा, एखाद्या संशोधक विद्यार्थिनीने पेशींच्या अर्कातून अमोनियम सल्फेट हे क्षार घालून एक प्रथिन साक्याच्या रूपात वेगळे केले. आता प्रथिन हाती आले, पण त्याच्यासोबत क्षाराचा मोठा साठाही आला, आणि तो असेपर्यंत पुढचा प्रयोग शक्य नाही. मग ती सेल्युलोजच्या पारदर्शक नळीचा एक तुकडा घेते, सोडियम बायकार्बोनेट आणि धातूंना धरून ठेवणारे ईडीटीए हे रसायन यांच्या द्रावणात तो उकळून त्यातले ग्लिसरीन आणि धातूंचे अंश काढून टाकते, एक टोक चिमट्याने बंद करते, आत प्रथिनाचे द्रावण ओतते आणि दुसरे टोक बंद करताना वर थोडी जागा रिकामी सोडते. ही जागा सोडावीच लागते, कारण आतल्या दाट द्रावणाकडे बाहेरचे पाणी ओढले जाते आणि भिजत घातलेल्या मनुकेसारखी पिशवी टम्म फुगते. काठोकाठ भरलेली पिशवी मध्यरात्री फुटते आणि आठवडाभराचे काम भांड्यातल्या पाण्यात मिसळते. नंतर ही पिशवी बफरने, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणाने, भरलेल्या मोठ्या भांड्यात सोडून, खाली चुंबकी ढवळणी चालू ठेवून, चार अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवतात.

यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. पिशवीत 10 मिलिलिटर द्रावण असेल आणि बाहेर 1 लिटर बफर असेल, तर दोन्हीकडचे प्रमाण समान झाल्यावर आतले क्षार साधारण शंभराव्या भागावर येतात आणि तिथेच थांबतात. पुढे कितीही तास वाट पाहिली तरी काही उपयोग नाही, कारण दोन्ही बाजूंची दाटी सारखी झाली की जितके कण बाहेर जातात तितकेच आत येतात. बफर बदलून पुन्हा 1 लिटर घेतला, की क्षार दहा हजाराव्या भागावर येतात आणि तिसऱ्या बदलानंतर दहा लाखाव्या भागावर. तेच तीन लिटर एकदम घेतले असते, तर क्षार फक्त तीनशेव्या भागापर्यंत उतरले असते. म्हणजे बाहेरचा द्रव किती आहे यापेक्षा तो किती वेळा ताजा केला जातो हे अधिक महत्त्वाचे ठरते.

रुग्णालयातले यंत्र हाच बदल अखंडपणे करत असते. तिथे डायलायझर नावाची एक पारदर्शक नळकांडी असते आणि तिच्यात केसासारख्या बारीक, पोकळ अशा सुमारे दहा हजार तंतूंचा जुडगा असतो. त्यांच्या भिंती म्हणजेच पडदा, आणि त्याचे एकूण क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते. तंतूंच्या आतून रक्त वाहते, बाहेरून उलट दिशेने डायलिसेट नावाचा द्रव वाहतो. उलट दिशेमुळे जवळजवळ स्वच्छ होऊन निघालेल्या रक्ताची गाठ अगदी ताज्या द्रवाशी पडते आणि दाटीतला फरक शेवटपर्यंत टिकून राहतो. रक्त मिनिटाला 300 मिलिलिटर आणि द्रव मिनिटाला 500 मिलिलिटर वाहत असेल, तर चार तासांत 72 लिटर रक्त डायलायझरमधून जाते, म्हणजे शरीरातले पाचेक लिटर रक्त चौदा-पंधरा वेळा फिरून येते, आणि 120 लिटर द्रव वापरला जातो.

प्रयोगशाळेतून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा हा प्रवास सोपा नव्हता. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1913 मध्ये जिवंत कुत्र्याचे रक्त कोलोडियन या पडद्यासारख्या पातळ पदार्थाच्या नळ्यांमधून फिरवले आणि रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेले हिरुडीन वापरले. नळ्यांबाहेरच्या द्रवात उतरलेली अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक रेणू, त्यांनी ओळखून दाखवली. एकच उपकरण संशोधनाचे आणि उपचाराचे असे दोन्ही होते. जर्मनीतल्या गीसन येथे गेऑर्ग हास यांनी 1924 मध्ये पहिल्यांदा माणसावर डायलिसिस केले, तेही केवळ 15 मिनिटे. पुढे रक्त गोठू न देणारे हेपॅरिन मिळाले, सॉसेजच्या वेष्टनासाठी तयार होणारी सेलोफेनची नळी मिळाली, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, काम्पेन या छोट्या गावी, विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये ती नळी एका फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड चालवले. त्यांचे सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. 1945 मध्ये 67 वर्षांची एक स्त्री बेशुद्धावस्थेतून परत आली. तरीही दीर्घकालीन आजारात हा उपचार शक्य नव्हता, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. ती अडचण 1960 मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांच्या, हातात कायम ठेवता येणाऱ्या टेफ्लॉनच्या नळीने आणि 1966 मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या फिस्टुलाने, म्हणजे हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून, सोडवली. आज रुग्णाच्या हातावर हात ठेवला की जी थरथर जाणवते, ती याच फिस्टुलाची.

आता त्या 120 लिटर द्रवाकडे पाहू. तो साधे पाणी नसतो. साधे पाणी वापरले, तर रक्तातले सोडियम, कॅल्शियम, ग्लुकोज सगळेच धुऊन जाईल आणि रुग्ण दगावेल. म्हणून जे पदार्थ रक्तात राहायला हवेत ते द्रवात रक्ताइतक्याच प्रमाणात ठेवतात. दाटी सारखी असल्यामुळे ते हलत नाहीत. सोडियम लिटरला 135 ते 140 मिलिमोलच्या (मिलिमोल हे विरघळलेल्या कणांच्या संख्येचे एकक) आसपास असते. जे पूर्ण काढायचे आहे, उदाहरणार्थ युरिया आणि क्रिएटिनीन, ते द्रवात अजिबात नसते. पोटॅशियम अर्धवट काढायचे असते, म्हणून ते बहुधा 2 मिलिमोल ठेवतात. रक्तात ते 6 असेल, तर बाहेर पडते, पण एकदम शून्याच्या दिशेने धाव घेत नाही, कारण पोटॅशियम झपाट्याने उतरले तर हृदयाची लय बिघडू शकते. आणि बायकार्बोनेट उलट दिशेने जाते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात आम्ल साचते आणि बायकार्बोनेट कमी पडते, म्हणून द्रवात ते जास्त ठेवतात व ते रक्तात शिरते. म्हणजे डायलिसिस हे केवळ काढून टाकणे नव्हे, ते एकाच वेळी देणेही आहे. यंत्राशेजारी दोन कॅन दिसतात, तंत्रज्ञ त्यांना ए पार्ट आणि बी पार्ट म्हणतात. एकात आम्लयुक्त क्षार आणि दुसऱ्यात बायकार्बोनेट असते. दोन्ही आधीच एकत्र केले, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट तयार होऊन साका बसेल, म्हणून यंत्र त्यांना ऐनवेळी शुद्ध पाण्यात मिसळते आणि मिश्रण बरोबर झाले की नाही हे त्याच्या विद्युतवाहकतेवरून सतत तपासते.

एका बाबतीत प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांचे अनुभव इतके जुळतात की त्याचे मला नेहमीच नवल वाटते, आणि योगायोगाने दोन्हीकडे पदार्थ एकच आहे, युरिया. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले क्रिस्टियन ॲनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज हे एन्झाइम 8 मोलर, म्हणजे अतिशय दाट, युरिया आणि प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारे मर्कॅप्टोइथेनॉल यांत ठेवून पूर्ण उलगडले, तेव्हा त्याचे काम बंद पडले. नंतर हे दोन्ही पदार्थ डायलिसिसने काढून टाकल्यावर, हवेतल्या ऑक्सिजनच्या सान्निध्यात, प्रथिनाची साखळी आपली आपण पुन्हा योग्य रीतीने दुमडली आणि एन्झाइम पूर्ववत काम करू लागले. प्रथिनाचा आकार त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच दडलेला असतो, हे त्यावरून सिद्ध झाले आणि 1972 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांच्या वाट्याला आले. आज प्रयोगशाळेत अशी प्रथिने परत दुमडवताना अनेकदा युरिया टप्प्याटप्प्याने उतरवतात, 8 वरून 4, 4 वरून 2 असा, कारण तो एकदम काढला तर कित्येक प्रथिने दुमडण्याऐवजी एकमेकांना चिकटून गोळा होतात.

रुग्णाच्या बाबतीत घाई याहून धोकादायक ठरते. ज्याच्या रक्तातला युरिया आठवडेच्या आठवडे वाढलेला आहे, त्याचा मेंदूही तितक्याच युरियात मुरलेला असतो. रक्तातला युरिया झपाट्याने उतरवला, तर मेंदूतला तेवढ्या वेगाने उतरत नाही. मग पाणी दाट बाजूकडे, म्हणजे मेंदूकडे ओढले जाते आणि डोकेदुखी, उलटी, क्वचित झटके असा त्रास होतो. म्हणूनच पहिले डायलिसिस साधारण दोन तासांचे, कमी वेगाने करतात आणि पुढच्या खेपांना वेळ वाढवत नेतात. ‘पहिल्याच दिवशी पूर्ण चार तास का नाही केले?’ असे नातेवाईक काळजीने विचारतात. त्याचे उत्तर हे आहे.

पुढे मात्र उलटी अडचण येते, वेळ पुरत नाही. प्रयोगशाळेतली पिशवी रात्रभर, हवी तर दोन रात्री थांबू शकते. रुग्णाला आठवड्याच्या 168 तासांपैकी 12 तास मिळतात, आणि निरोगी मूत्रपिंडे जे काम सर्व 168 तास करतात ते एवढ्यात उरकावे लागते. काम किती झाले हे मोजण्यासाठी डायलिसिसच्या आधी आणि नंतर युरिया तपासतात. तो 150 वरून 45 वर आला, तर 70 टक्के उतरला असे म्हणतात, आणि किमान 65 टक्के उतार अपेक्षित असतो. पण हा आकडा थोडा फसवा आहे, कारण सुया काढल्यानंतरच्या तासाभरात स्नायू आणि इतर ऊतींतला युरिया रक्तात येतो आणि पातळी पुन्हा थोडी चढते. फॉस्फरसच्या बाबतीत हे फारच ठळक आहे. त्याचा साठा हाडांत आणि पेशींच्या आत असतो, तो रक्तात हळूहळू झिरपतो. त्यामुळे पहिल्या एक-दोन तासांनंतर काढायला रक्तात फारसे काही उरत नाही, यंत्र कितीही जोरात चालवले तरी. म्हणून फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात, जेणेकरून तो आतड्यातच अडतो. आपल्याकडे खर्चामुळे आणि अंतरामुळे अनेक रुग्ण आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस करून घेतात, आणि काही जण कंटाळून अर्धा तास आधी सुया काढायला सांगतात. त्यांचा थकवा मी समजू शकतो. परंतु गमावलेला अर्धा तास यंत्राचा वेग वाढवून भरून निघत नाही, हे त्यांना कोणीतरी कारणासहित सांगायला हवे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस मिळते आणि केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम 2016 पासून जिल्हा रुग्णालयांमधून चालतो. खेपा केवळ पैशांमुळे कमी होत असतील, तर तिथे चौकशी करावी.

पाणी काढण्याची रीत निराळी आहे. तिथे दाटीचा फरक वापरत नाहीत, तर पडद्याच्या दोन बाजूंमध्ये दाबाचा फरक निर्माण करून रक्तातले पाणी ओढून घेतात. दोन खेपांमध्ये रुग्णाचे वजन जितके वाढते, ते जवळजवळ सगळे साठलेले पाणीच असते. ते नेमके रक्तातूनच काढता येते, आणि ऊतींमधले पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. ओढण्याचा वेग त्याहून वाढला की रक्तदाब कोसळतो आणि पायांत गोळे येतात. ताशी, वजनाच्या दर किलोमागे 13 मिलिलिटरच्या वर जाऊ नये असे सामान्यतः मानतात. 60 किलोच्या माणसासाठी हे ताशी 780 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत सुमारे तीन लिटर होतात. चार किलो वाढून आलेल्या रुग्णाचे सगळे पाणी म्हणूनच सुखरूप काढता येत नाही. मिठाचे पथ्य पाण्याच्या पथ्याइतकेच कडक असते, कारण लोणचे-पापड खाल्ल्यावर लागणारी तहान कोणालाही आवरत नाही. मीठ कमी करायचे म्हणून बाजारातले ‘लो सोडियम’ मीठ मात्र घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते.

पडद्याला चांगले-वाईट कळत नाही, त्याला फक्त आकार कळतो. इंग्लंडमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यीस्टच्या रसाचे पडद्याच्या साहाय्याने दोन भाग केले, तेव्हा दोन्ही भाग एकेकटे निष्क्रिय ठरले आणि एकत्र केल्यावर आंबण्याची क्रिया पुन्हा सुरू झाली. एन्झाइमला लागणारा एक लहान रेणू पडद्यातून निसटला होता. रुग्णाच्या रक्तातूनही असेच उपयोगी लहान रेणू जातात, बी गटातली जीवनसत्त्वे, क जीवनसत्त्व आणि प्रत्येक खेपेला काही ग्रॅम अमिनो आम्ले. त्यामुळे डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिने कमी खा असे सांगणारे डॉक्टर ते सुरू झाल्यावर वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने रोज खायला सांगतात. सल्ला बदलला असे वाटून घरचे गोंधळतात. वस्तुतः बदललेली असते ती परिस्थिती.

याउलट काही लहान रेणू जायला हवेत तरी जात नाहीत, कारण ते अल्ब्युमिनला चिकटलेले असतात. इंडॉक्सिल सल्फेट हे असेच एक विष आहे. औषधांनाही हे लागू पडते, आणि औषधाचा किती भाग प्रथिनांना चिकटतो हे ठरवण्याची प्रयोगशाळेतली जुनी, विश्वासार्ह रीतही डायलिसिसचीच आहे. दोन कप्प्यांमध्ये पडदा लावून एकात रक्तद्रव आणि औषध, दुसऱ्यात नुसता बफर ठेवतात, आणि समतोल झाल्यावर बफरमध्ये जितके औषध आढळते तितके मोकळे, असे धरतात. रक्त गोठू न देणारे वॉर्फेरिन जवळजवळ 99 टक्के चिकटलेले असते, त्यामुळे त्याची मात्रा जास्त झाल्यास डायलिसिसने ते निघत नाही. मानसिक आजारात दिले जाणारे लिथियम मुळीच चिकटत नाही, म्हणून त्याच्या विषबाधेत डायलिसिस हा हमखास उपाय आहे. काही प्रतिजैविकेही यंत्रातून निघून जातात, म्हणून ती डायलिसिसनंतर देतात.

सर्वांत कमी बोलले जाते ते पाण्याबद्दल, आणि मला तीच सर्वांत गंभीर बाब वाटते. निरोगी माणूस आठवड्याला 14-15 लिटर पाणी पितो आणि ते आतड्यातून गाळून आत जाते. डायलिसिसच्या रुग्णाचे रक्त आठवड्याला 360 लिटर पाण्याच्या सान्निध्यात येते आणि मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यात जे आहे आणि रक्तात नाही, ते दाटीच्या नियमाने रक्तात शिरते. नळाचे पाणी निवळण्यासाठी तुरटी वापरतात. पिणाऱ्याच्या आतड्यातून तिच्यातले ॲल्युमिनियम फारसे शोषले जात नाही, पण 1970 च्या दशकात अनेक देशांतल्या डायलिसिस रुग्णांमध्ये त्याच ॲल्युमिनियममुळे बोलणे अडखळणे, स्मृतिभ्रंश आणि हाडे मोडणे असे आजार दिसले. जंतू मारण्यासाठी वापरलेले क्लोरामाइन रक्तात गेले, तर लाल पेशी फुटतात. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात 1996 मध्ये एका केंद्राला पुरवलेल्या जलाशयाच्या पाण्यात शेवाळासारख्या सायनोबॅक्टेरियांचे विष होते, आणि यकृत निकामी होऊन 50 पेक्षा जास्त रुग्ण मरण पावले. म्हणून केंद्राच्या मागच्या खोलीत कार्बनच्या टाक्या आणि आरओ संयंत्र असते. आपल्या केंद्रातले पाणी किती दिवसांनी तपासले जाते, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

पोटाच्या डायलिसिसमध्ये रक्त फिरवणारे यंत्र नसते. पोटातले अस्तर हाच पडदा असतो. साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडून चार-सहा तासांनी काढतात, असे दिवसातून चारेक वेळा. त्या द्रवात ग्लुकोज भरपूर असते आणि तेच पाणी ओढून घेते. काढलेला द्रव गढूळ दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण ते जंतुसंसर्गाचे लक्षण असते. गावापासून केंद्र दूर असलेल्यांसाठी ही पद्धत फार सोयीची आहे, आणि ती आपल्याकडे अजून कमी वापरली जाते याची मला खंत वाटते.

युरियाहून मोठे, पण अल्ब्युमिनहून लहान असे काही रेणू, उदाहरणार्थ 11,800 डाल्टनचे बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन, नुसत्या भरकटण्याने पुरेसे बाहेर पडत नाहीत. त्यांच्यासाठी मोठ्या छिद्रांचे पडदे आणि हिमोडायाफिल्ट्रेशन ही पद्धत आली. तिच्यात रक्तातले पाणी मोठ्या प्रमाणात पडद्यातून ओढतात, त्याच्या ओघात हे मध्यम रेणूही वाहून जातात, आणि काढलेल्या पाण्याची भरपाई म्हणून तितकाच ताजा द्रव सरळ रक्तात सोडतात. युरोपात झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉन्व्हिन्स या चाचणीत 1360 रुग्ण होते. प्रत्येक खेपेला किमान 23 लिटर पाणी पडद्यातून ओढण्याचे लक्ष्य ठेवून ही पद्धत वापरलेल्या गटात मृत्यूचा धोका नेहमीच्या डायलिसिसच्या तुलनेत 23 टक्के कमी आढळला. आपल्या मोठ्या शहरांतली रुग्णालये आता या यंत्रांची जाहिरात करतात. परंतु यात केंद्रातच तयार केलेले वीसेक लिटर द्रव पडद्याच्या आडून नव्हे, तर थेट रक्तात जातात, त्यामुळे तो द्रव निर्जंतुक असावा लागतो. नेहमीच्या डायलिसिसच्या पाण्यात दर मिलिलिटरला 100 पेक्षा कमी जंतुवसाहती चालतात. इथे ज्या अतिशुद्ध द्रवापासून सुरुवात करतात, त्याची मर्यादाच 0.1 इतकी आहे. जे केंद्र ही पातळी सातत्याने राखू शकते आणि तपासणीच्या नोंदी दाखवू शकते, तिथेच या पद्धतीचा विचार करावा.